मधुमेहामुळे तेल-तूप पचवणारी एन्झाइम्स कमी पडतात का?

वडिलांना बरीच वर्षं मधुमेह आहे, हल्ली संडासला तेलकट, चिकट होतं, वजनही उतरतंय, तर एन्झाइमचं सिरप चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी फार्मासिस्ट आहे, म्हणून सिरपचं आधी सांगतो. लेबल वाचा. अननसाच्या चवीच्या त्या सिरपांत बहुधा डायस्टेज आणि पेप्सिन असतं. एक पिठूळ पदार्थांवर काम करतं, दुसरं प्रथिनांवर. तुपाला दोघंही हात लावत नाहीत.

तुपाचं काम स्वादुपिंडातल्या लायपेजचं. पित्त आधी तेलाचे बारीक थेंब करतं, पण तेच पित्तक्षार लायपेजला थेंबावर टिकू देत नाहीत. तिथे कोलायपेज नावाचं छोटं प्रथिन त्याला धरून ठेवतं. तेल-तूप मुख्यतः ट्रायग्लिसराइडचं असतं, म्हणजे एका ग्लिसरॉलला जोडलेली तीन फॅटी अ‍ॅसिडं. लायपेज त्यातली कडेची दोन तोडतं, मधलं ग्लिसरॉललाच चिकटून राहतं, आणि हे तुकडे आतडं शोषून घेतं.

इन्सुलिनही स्वादुपिंडाचंच, पण वेगळ्या पेशींचं, आणि ते थेट रक्तात जातं. त्यामुळे साध्या टाइप 2 मध्ये एन्झाइम थोडी कमी झाली तरी चरबी सहसा पचते. लायपेज मुळात गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतं. ते नेहमीच्या साधारण 10 टक्क्यांवर येईपर्यंत स्वादुपिंडामुळे संडास तेलकट होत नाही. म्हणून हे लक्षण मी हलक्यात घेणार नाही. स्वादुपिंडाला जुनी सूज असेल (दारू, आत झालेले खडे) तर एन्झाइम आणि इन्सुलिन दोन्ही आटतात. त्या मधुमेहाला टाइप 3सी म्हणतात.

वडील वजन कमी करायला ऑर्लिस्टॅट घेत नाहीत ना, ते बघा. ते लायपेजच अडवतं, खाल्लेली सुमारे 30 टक्के चरबी तशीच बाहेर पडते. मेटफॉर्मिननेही पोट बिघडतं, पण ते पातळ होतं, तेलकट नाही.

ऑर्लिस्टॅट घेत नसतील तर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. वजन उतरतंय म्हटल्यावर स्वादुपिंडाचं स्कॅन टाळू नका. तिथला कॅन्सरही असाच सुरू होऊ शकतो. संडासमधल्या इलास्टेजची (स्वादुपिंडाचं आणखी एक एन्झाइम) तपासणीही होते, ग्रॅममागे 200 मायक्रोग्रॅमच्या खाली आली तर शंका घेतात.

कमतरता निघाली तर पॅनक्रिआटिनच्या, म्हणजे लायपेजसह स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल देतात. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. माळकरी घरात हे मी आधीच सांगतो. पहिल्या घासांबरोबर घ्यायच्या, जेवण उरकल्यावर नाही. अन्न नीट पचायला लागलं की साखर वर जाऊ शकते, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस ग्लुकोमीटर हाताशी ठेवा आणि इन्सुलिनचा डोस डॉक्टरांना विचारूनच बदला.