वाचकांचे प्रश्न : ड्रॅक्युला आणि कुमगार

प्रश्न : ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत पिशाचाच्या थडग्याच्या फटी कुमगाराच्या (चर्चमध्ये पवित्र भाकर ग्रहण करण्याच्या विधीच्या) भाकरीने बुजवलेल्या दाखवल्या आहेत. ते वाचून माझी कॅथलिक शेजारीण आधी हसली आणि मग म्हणाली, ‘आमचे पाद्री हे कधीच चालवून घेणार नाहीत.’ तिचे म्हणणे खरे आहे का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : अगदी खरे आहे. ब्रॅम स्टोकर यांच्या या १८९७ सालच्या कादंबरीत प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग अर्पण झालेली पवित्र भाकर चुरून लगद्यात मळतो, पिशाच बनलेल्या ल्यूसीच्या थडग्याला लिंपतो आणि आपल्यापाशी ‘इंडल्जन्स’ असल्याचे सांगतो. मात्र कॅथलिक शिकवणुकीत इंडल्जन्स म्हणजे क्षमा झालेल्या पापाबद्दल भोगावयाच्या उरलेल्या शिक्षेतून मिळणारी सूट. पुढे करावयाच्या कृत्याचा तो परवाना नव्हे. शिवाय जी भाकर साक्षात ख्रिस्ताचे शरीर मानली जाते, तिचा गिलावा करणे हा चर्चच्या कायद्यानुसार अत्यंत गंभीर अपराध ठरेल. स्टोकर आयर्लंडमधील प्रॉटेस्टंट घराण्यातले होते; कॅथलिक पूजावस्तूंचा दरारा त्यांना हवा होता, त्यांच्या वापराचे नियम नव्हे.

तरीही त्यांची नजर अचूक होती, असे मला वाटते. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की, जो माझा देह खातो आणि माझे रक्त पितो त्याला अनंतकाळचे जीवन आहे. कादंबरीतला रक्तपिपासू पिशाच ड्रॅक्युला याच वचनाचे विडंबन जगतो : तो दुसऱ्याचे रक्त घेऊन देह टिकवतो, आणि कादंबरीची नायिका मीना हिला स्वतःचे रक्त बळेच पाजून तिला जणू उलटा कुमगार देतो. त्यानंतर तीच पवित्र भाकर कपाळाला लागताच मीनाची त्वचा भाजते. क्रूसाची गंमत आणखी निराळी आहे. क्रूसाला मूर्तिपूजा समजण्याच्या संस्कारात वाढलेला इंग्रज वकील हार्कर खानावळीच्या मालकिणीने दिलेला क्रूस नाइलाजाने गळ्यात घालतो आणि पुढे त्याच क्रूसाच्या माळेला हात लागताच ड्रॅक्युलाचा आवेश ओसरतो.

सूर्यप्रकाशाने पिशाच नष्ट होते, ही कल्पना मात्र चर्चची नाही आणि या कादंबरीचीही नाही. ती १९२२ सालच्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने रूढ केली.

प्रत्यक्ष इतिहासात ऑस्ट्रियाच्या कॅथलिक राज्यकर्त्या मारिया तेरेझा यांनी आपल्या वैद्याला चौकशीस लावले आणि १७५५ मध्ये पिशाचाच्या संशयावरून थडगी उकरून प्रेते जाळण्यास बंदी घातली. तुमच्या शेजारणीच्या पाद्रींना हा उपाय बहुधा पटेल.