एमएसमध्ये रोगप्रतिकारशक्ती कमी असते की जास्त?

तुम्ही विचारलंय की बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) असल्याचं निदान झालं, डॉक्टर म्हणाले हा प्रतिकारशक्तीचा आजार आहे, तर मग ती वाढवणाऱ्या गोळ्या तिला सुरू कराव्यात का? आणि तुम्हालाही हा आजार होईल का?

मी न्यूरॉलॉजिस्ट नाही. वैद्यकीय विद्यार्थ्यांना इम्युनॉलॉजी शिकवते, त्यामुळे तिला कुठलं औषध योग्य ते तिचे डॉक्टरच सांगतील. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी ठामपणे देऊ शकते. ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या-पावडरी तिला देऊ नका.

तिची प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून हा आजार झालेला नाही. आपलं काय आणि परकं काय, हे ओळखण्यात गफलत झाली आहे. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलीनचं आवरण असतं आणि त्यामुळे संदेश वेगाने जातात. या मायलीनला शत्रू समजू शकतील अशा थोड्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तुमच्या-माझ्या रक्तातही आहेत. एरवी त्या गप्प असतात, कारण त्यांना आवरणाऱ्या दुसऱ्या टी पेशी असतात. एमएसमध्ये हा आवर सुटतो. मेंदूच्या बाहेर, लसिका ग्रंथींमध्ये या पेशी जाग्या होतात, रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात आणि तिथल्या रक्तवाहिन्यांची एरवी घट्ट बंद असलेली भिंत ओलांडून आत शिरतात.

विद्यार्थ्यांना मी याची एक स्लाइड दाखवते. मेंदूच्या पातळ कापाला असा रंग दिलेला असतो की मायलीन निळं दिसतं. सगळीकडे निळं आणि मध्येच एक फिकट डाग. डागाच्या मधोमध एक बारीक शीर आणि तिच्याभोवती दाटीने जमलेल्या गोल, गडद पेशी. डागाच्या कडेला मोठ्या भक्षक पेशी असतात आणि त्यांच्या आत निळे कण दिसतात. ते गिळलेलं मायलीन. हल्ला कुठून आला आणि कुठवर पोचला, हे त्या एका डागात दिसतं. हल्ली चांगल्या एमआरआयमध्येही डागाच्या मध्यभागी ती शीर दिसू शकते आणि निदानाला तिचा उपयोग होतो.

आता ‘वाढवण्या’बद्दल. हा प्रयोग खरोखर झालेला आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एमएसच्या १८ रुग्णांना गॅमा इंटरफेरॉन दिलं. प्रतिकारपेशींना चेतवणारा हा रेणू विषाणूंशी लढायला मदत करतो, म्हणून त्याचा फायदा होईल अशी आशा होती. उपचार चालू असतानाच १८ पैकी ७ जणांना आजाराचा नवा झटका आला आणि चाचणी तिथेच थांबली. बाजारातल्या पावडरीत एवढा जोर नसेलही, पण ज्या दिशेने ढकलण्याचा दावा ती करते, ती दिशाच चुकीची आहे. (ड जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी. तपासणीत ते कमी निघालं, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावं.)

मग प्रतिकारशक्ती सरळ दाबून टाकावी का? तेही इतकं सोपं नाही. एमएसच्या डागांमध्ये टीएनएफ नावाचा दाहकारक रेणू भरपूर सापडतो. संधिवातात त्याला अडवलं की रुग्णांना आराम पडतो. एमएसमध्ये अडवून पाहिलं, तर झटके वाढले. म्हणून आजची औषधं नेमकी एखादी पायरी गाठतात. फिंगोलिमोड लिम्फोसाइट पेशींना (म्हणजे टी पेशी आणि त्यांच्या भाईबंद बी पेशींना) लसिका ग्रंथीतून बाहेर पडू देत नाही. नॅटॅलिझुमॅब त्यांना मेंदूच्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू देत नाही. हे दुसरं औषध फार प्रभावी आहे, पण पेशींचा पहारा थांबला की अनेकांच्या शरीरात निपचित असलेला जेसी विषाणू क्वचित मेंदूत उसळतो आणि पीएमएल नावाचा गंभीर आजार होतो. म्हणूनच ते देण्याआधी आणि देताना या विषाणूच्या अँटिबॉडीज रक्तात तपासतात.

मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतो तो बी पेशींचा, म्हणजे ज्यांच्यापासून अँटिबॉडीज बनतात त्या पेशींचा भाग. बहिणीच्या पाठीतून पाणी काढलं असेल, तर रिपोर्टमध्ये ‘ऑलिगोक्लोनल बँड्स’ असे शब्द असतील. रक्त आणि ते पाणी शेजारी-शेजारी तपासतात. पाण्यात ज्या रेषा दिसतात आणि रक्तात दिसत नाहीत, त्या मेंदूच्या आवारातच तयार झालेल्या अँटिबॉडीज. साहजिकच वाटायचं की नुकसान त्याच करत असणार. पण बी पेशी काढून टाकणारी औषधं वापरल्यावर एमआरआयवरचे नवे डाग काही आठवड्यांत झपाट्याने कमी झाले, आणि अँटिबॉडीजच्या त्या रेषा बहुतेकांत तशाच राहिल्या. म्हणजे बी पेशींचा मोठा गुन्हा अँटिबॉडी बनवण्याचा नसून टी पेशींना चिथावण्याचा असावा. याच मार्गाचं ऑक्रेलिझुमॅब २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

हे सगळं सुरू कशामुळे होतं? २०२२ मध्ये अमेरिकी लष्करातल्या १ कोटीहून जास्त जणांच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला, आणि तपासलेल्या ८०१ रुग्णांपैकी फक्त एकाला हा संसर्ग झालेला नव्हता. हा विषाणू बी पेशींमध्येच जन्मभर मुक्काम करतो. त्याच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतल्या एका प्रथिनासारखा असल्याचंही त्याच वर्षी दिसून आलं. पण बहुतेक प्रौढांना हा विषाणू होऊन गेलेला असतो आणि त्यातल्या फार थोड्यांना एमएस होतो, म्हणून एकट्या विषाणूवर खापर फोडता येत नाही. जनुकं, धूम्रपान, किशोरवयातला लठ्ठपणा, कमी ऊन हे सगळं त्यात भर घालतं.

एक गोष्ट मात्र लपवू नये. वर्षं जातात तसा दाह मेंदूच्या आतच मुरतो, तिथल्याच मायक्रोग्लिया नावाच्या प्रतिकारपेशी तो धुमसत ठेवतात आणि रक्तातून येणाऱ्या पेशी अडवणारी औषधं तेव्हा कमी उपयोगी पडतात. म्हणून उपचार लवकर सुरू होण्याला इतकं महत्त्व आहे. ‘आत्ता तर बरी आहे’ म्हणून ते पुढे ढकलू देऊ नका. लशींबद्दलही औषध सुरू होण्याआधीच विचारा, कारण जिवंत जंतूंच्या लशी काही औषधांबरोबर चालत नाहीत.

राहिला तुमचा प्रश्न. सख्ख्या भावंडांमध्ये धोका साधारण शंभरात दोन-तीन, म्हणजे इतरांपेक्षा जास्त, पण तरी कमीच. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण चारात एक असते. काही लक्षण नसताना मुद्दाम एमआरआय करून घेण्याची गरज नाही. सिगारेट ओढत असाल तर सोडा. एका डोळ्याने अचानक अंधूक दिसू लागलं आणि डोळा हलवताना दुखलं, किंवा हातापायाचा बधिरपणा दिवसभर टिकला, तर वाट न पाहता दाखवा.