बर्व्यांचं चित्र घ्यायचंय? आधी ते उलटं करून बघा

तुमचा प्रश्न असा: गुहागरच्या नव्या घरासाठी मुंबईचा एक डीलर तुम्हाला चित्रकार प्रभाकर बर्वे यांचं कॅनव्हासवर एनॅमल रंगात काढलेलं चित्र देऊ करतोय. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो, आणि रविवारपर्यंत निम्मे पैसे रोख मागतो. घ्यावं का?

रविवार आधी विसरा. दुसरं गिऱ्हाईक खरंही असेल, पण ती त्याची अडचण, तुमची नाही.

बर्वे (१९३६–१९९५) आपल्याच किनाऱ्यावरचे, अलिबागजवळच्या नागावचे. त्यांचं चित्र कोकणात घरी असावं ही इच्छा मला पटते. पण डीलर ज्यावर एवढा भर देतोय ते एनॅमल पुरावा म्हणून कुचकामी आहे. बर्वे ते वापरत हे खरं, पण एनॅमलचा डबा आजही कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. म्हणून चित्राच्या पाठीचे फोटो मागवा, दिवसाच्या उजेडात काढलेले. कॅनव्हास, लाकडी चौकट, खिळे आणि त्यांचा गंज यांचं वय एकमेकांशी जुळतं का? गॅलरीची चिठ्ठी, प्रदर्शनाचा क्रमांक, हाताने लिहिलेलं शीर्षक आहे का? पाठ सगळीकडे सारखीच तपकिरी दिसली तर मला शंका येते. खरं जुनेपण ठिकठिकाणी वेगळं असतं.

मग मालकीची साखळी. चित्रकाराकडून कोणी घेतलं, कधी, पुढे कोणाकडे गेलं, कुठल्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगमध्ये छापलं गेलं? 'एका जुन्या पारशी कुटुंबाकडून' हे उत्तर नव्हे. आणि प्रमाणपत्रावर सही डीलरचीच असेल, तर ते पेटीवर 'देवगड हापूस' छापण्यासारखं. तुम्ही बागायतदार, तुम्हाला जास्त सांगायला नको. पैसे देण्याआधी स्वतंत्र जाणकाराला मूळ चित्र दाखवायची अट घाला. त्याची फी किमतीच्या मानाने किरकोळ असते.

रोखीचं तर नावच नको. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि इतक्या वर्षांच्या डीलरला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. बँकेतून पैसे, जीएसटीचं बिल, बिलावर चित्राचं शीर्षक, साल, माप आणि माध्यम. उद्या विकायला काढलंत तर नफ्यावर कर लागेल, आणि बिल नसेल तर खरेदीची किंमत कशी दाखवणार?

होम-स्टेच्या माहितीपत्रकावर ते छापायचं म्हणताय, तेही थांबवा. चित्र विकत घेतलं म्हणून कॉपीराइट मिळत नाही. तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे बर्व्यांच्या बाबतीत २०५५ अखेरपर्यंत. छापायचं तर वारसांची परवानगी लागेल.

आता खरी काळजी: आपली हवा. पावसाळ्यात कॅनव्हास ओलावा घेऊन सैल होतो, ऑक्टोबरात पुन्हा ताणतो. वरचा एनॅमलचा थर कडक, तो त्याच्यासोबत हलत नाही आणि तडकतो. समुद्राकडची, झड लागणारी भिंत नको, चिऱ्याची बाहेरची भिंत तर नकोच. माजघरातली आतली भिंत घ्या, मागे बोटभर जागा सोडा, चौकटीला पाठीमागून बोर्ड लावा आणि वाळवीवर नजर ठेवा. घर चार महिने बंद असतं म्हणून लोक चित्र प्लास्टिकमध्ये गुंडाळतात आणि आत कोंडलेल्या दमटपणावर बुरशी पोसतात. तुमचंही घर बंद राहणार असेल तर चित्र पावसाळाभर पुण्यातल्या नातेवाइकांकडे ठेवा. ओलावा खेचणाऱ्या यंत्रावर भिस्त नको. आषाढात आपल्याकडे वीज किती टिकते ते तुम्ही जाणता.

हे सगळं नको असेल आणि भिंतीवर फक्त चांगलं चित्र हवं असेल, तर सावर्ड्याच्या सह्याद्री स्कूल ऑफ आर्टकडे एक चक्कर मारा. तिथे शिकलेल्यांची कामं थेट त्यांच्याच हातून घेता येतील, मालकीची साखळी एका कडीची.

बर्व्यांचंच हवं असेल तर डीलरला आज एवढंच लिहा: 'पाठीचे फोटो, आधीच्या मालकांचे कागद आणि स्वतंत्र तपासणीला होकार मिळाला की किमतीचं बोलू.' फोटो आले की मला पाठवा, चौकटीचे चारही कोपरे दिसतील असे.