सफरचंदाला फूल कधी येणार?

प्रश्न : औसा तालुक्यात ३ वर्षांपूर्वी ‘अण्णा’ जातीची २० रोपं लावली. झाडं डोक्याच्या वर गेली, पण फूल नाही. युरिया वाढवू का?

उत्तर : युरिया मुळीच नको, ताई. त्यातल्या नत्रानं नुसता पाला माजतो. उभ्या फांद्या सुतळीनं खुंटीला बांधून तिरप्या करा. त्यांवरच्या आखूड, फुगीर डोळ्यांतून फूल निघतं. आपल्याकडं थंडी कमी, पानं आपोआप झडत नाहीत. म्हणून डिसेंबरअखेर थोडा पाण्याचा ताण देऊन, म्हणजे पाणी तोडून, पानं हातानं काढा. ओरबाडू नका, देठाशी धरून खुडा, डोळा जपा. अंबाजोगाईला माझ्या झाडांवर त्यानंतरच गुलाबी कळ्या दिसल्या. मी कितीदा जाऊन पाहिल्या! शेजारी ‘डॉर्सेट गोल्डन’ या सफरचंदाच्याच दुसऱ्या जातीची दोन-तीन झाडं लावाच, परागीभवन चांगलं होतं.