एका दिवसात चार गावे? फ्लोरेन्सच्या सहलींविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या आसपास युरोपला जाणाऱ्या वाचकांची पत्रे पावसाळा सरता सरता येऊ लागतात. यंदा त्यांत फ्लोरेन्सचे नाव इतक्या वेळा आले, की या वेळचे सदर त्या एका शहरापुरते आणि तिथून होणाऱ्या सहलींपुरते ठेवले आहे.

प्रश्न : ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही पती-पत्नी फ्लोरेन्समध्ये चार रात्री राहणार आहोत. एका सहल कंपनीच्या पत्रकात सिएना, सान जिमिन्यानो, कियांतीचा द्राक्षमळा आणि पिसा अशी चार ठिकाणे बारा तासांत दाखवणारी बससहल आहे. पत्नीला गुडघ्यांचा त्रास आहे, त्यामुळे बस सोयीची वाटते. ही सहल घ्यावी, की आपले आपण जावे? (निवृत्त बँक अधिकारी, सहकारनगर)

उत्तर : पत्रकातली चार नावे क्षणभर बाजूला ठेवून आपण आधी त्या बारा तासांचा हिशेब मांडावा, बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला तो सांगायला नको. फ्लोरेन्सहून सिएनाला सव्वा तास, सिएनाहून सान जिमिन्यानोला साधारण एक तास, तिथून पिसाला सव्वा तासाच्या पुढे आणि पिसाहून परत जवळजवळ तेवढाच वेळ, म्हणजे पाच तास खिडकीशी बसण्यातच जातात. द्राक्षमळा आणि जेवण मिळून दीड तास धरावा. चाळीस-पन्नास माणसांनी प्रत्येक ठिकाणी उतरायचे, गोळा व्हायचे, मोजून घ्यायचे, मागे राहिलेल्या एकासाठी थांबायचे, यात आणखी दीड तास. उरलेल्या चार तासांत तीन गावे बसवायची आहेत. अष्टविनायक दोन दिवसांत करणाऱ्या बसने आपल्यापैकी पुष्कळ जण गेलेले असतात, पण तिथे दर्शन झाले की जाण्याचे कारण पुरे होते. सिएनासारख्या गावात नेमके कुठे पोहोचले म्हणजे दर्शन झाले, हे कोणालाच सांगता येत नाही.

मी स्वतः अशा एका सहलीने गेलो आहे. सिएनाच्या कांपो चौकात गाईडने मिटलेली छत्री उंच धरून पालियोच्या शर्यतीची माहिती सांगितली: दर वर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला याच चौकाभोवती घोडे धावतात, गावाच्या सतरा मोहल्ल्यांपैकी एका वेळी दहांनाच संधी मिळते. ती माहिती त्याने छानच सांगितली, आणि मग ‘चाळीस मिनिटांनी याच कारंज्यापाशी’ असे म्हणून तो कॉफी प्यायला गेला. चाळीसपैकी पंधरा मिनिटे माझी स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. चौकाची विटांची जमीन शिंपल्यासारखी पसरट आणि एका बाजूला उतरती आहे, नऊ पाकळ्यांत विभागलेली. लोक तिच्यावर पाय सोडून निवांत बसलेले असतात. मलाही बसावेसे वाटले, मी बसलो, आणि सिएनाचे कॅथेड्रल पाहायचे राहून गेले.

गुडघ्यांच्या दृष्टीनेही बस दिसते तितकी सोयीची नाही. मोठ्या बसगाड्यांना या जुन्या गावांच्या आत प्रवेश नसतो. पिसात त्या मनोऱ्यापासून दूरच्या वाहनतळावर उभ्या राहतात, सान जिमिन्यानोत तटाबाहेर, आणि तिथून पुढे सगळ्यांनी गाईडच्या चालीने चालायचे असते. गुडघा दुखू लागला तर एखाद्या कट्ट्यावर अर्धा तास टेकण्याची मुभा त्या वेळापत्रकात नाही. स्वतंत्रपणे गेल्यास ती आपल्या हातात राहते, आणि माझ्या मते आपल्या बाबतीत निर्णय याच एका मुद्द्यावर व्हावा.

तेव्हा एक दिवस सिएनाला द्यावा. रेल्वेपेक्षा सान्ता मारिया नॉव्हेल्ला स्टेशनाजवळून सुटणारी जलद बस बरी, कारण सिएनाचे रेल्वे स्टेशन गावाखाली दरीत आहे, तर बस जुन्या गावाच्या कडेला सोडते. तरीही सिएना हे टेकड्यांवरचे गाव आहे आणि गल्ल्यांतला चढ-उतार चुकत नाही, हे लक्षात असू द्यावे. दुसऱ्या दिवशी रेल्वेने पिसा आणि लुक्का. फ्लोरेन्स ते पिसा साध्या रेल्वेने सुमारे तासाभराचा प्रवास आहे, आरक्षण लागत नाही आणि भाडे ठरलेले असते; पिसाहून लुक्का आणखी अर्ध्या तासावर. बहुतेक बससहली लुक्काला जात नाहीत, पण आपल्यासाठी ते या सगळ्यांत सर्वांत सोयीचे गाव आहे. गावाभोवतीचा जुना तट चार किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा आणि शाबूत आहे, आणि त्याचा माथा इतका रुंद की वर दुतर्फा झाडे आणि बाके असलेला सपाट रस्ता झाला आहे. सायकली भाड्याने मिळतात. नुसते चालत, बसत, पुन्हा चालत गेले तरी दुपार छान जाते.

सहल कंपनीला पैसे द्यायचेच असतील तर ते कियांतीसाठी द्यावेत. फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या या डोंगराळ मुलखात द्राक्षमळ्यांपर्यंत रेल्वे जात नाही, बस तुरळक आहेत आणि मद्याची चव घेणार असाल तर गाडी चालवणे गैर. आठ-दहा माणसांच्या छोट्या गाडीतून अर्ध्या दिवसाची सहल मिळते, तीत पुष्कळदा सान जिमिन्यानोही असते. एकेकाळच्या ७२ मनोऱ्यांपैकी तिथे आज १४ उभे आहेत आणि ते गावात शिरण्याआधी, दुरून, जास्त सुंदर दिसतात.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. कागदी रेल्वे तिकिटावर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो. तो नसला तर तिकीट असूनही दंड होतो. दुसरी गोष्ट संपाची. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर करून होतात, आणि कामकाजाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक गाड्या सोडल्याच जातात. आपण ऑक्टोबरअखेर जात आहात, म्हणून हेही सांगतो की त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे एक तास मागे जातात आणि त्यानंतर संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. बारा तासांच्या सहलीतला शेवटचा थांबा मग अंधारात पाहावा लागतो, आणि आपल्या पत्रकात तो पिसाचा आहे.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आईवडिलांबरोबर फ्लोरेन्सला जाणार आहे. शहरात गाईड घेणे आवश्यक आहे का? ‘रांगेविना प्रवेश’ असे लिहिलेल्या सहली महाग आहेत, पण त्याशिवाय आत जाता येत नाही असे ऐकले. (विद्यार्थिनी, कर्वेनगर)

उत्तर : ‘रांगेविना प्रवेश’ म्हणजे बहुतेक वेळा ठरलेल्या वेळेचे आरक्षित तिकीट. ते उफित्सी आणि अकादेमिया या दोन्ही संग्रहालयांच्या अधिकृत संकेतस्थळावर थोडे आरक्षणशुल्क भरून आपले आपल्यालाही काढता येते. सुरक्षा तपासणीची रांग मात्र कोणालाच चुकत नाही, महागडी सहल घेणाऱ्यालाही नाही. दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. सरकारी संग्रहालयांत १८ वर्षांखालच्यांना, ती कोणत्याही देशाची असोत, प्रवेश विनामूल्य आहे. ज्येष्ठ नागरिकांना मात्र तशी सवलत नाही, हे आपल्याबरोबर आजी-आजोबा येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे खिडकीपाशी आधारकार्ड पुढे केले जाणार नाही.

गाईड कुठे घ्यावा, याचे उत्तर वास्तूप्रमाणे बदलते. कॅथेड्रलच्या घुमटासाठी, निदान आपल्यासारख्या विद्यार्थिनीने, गाईड घेऊ नये. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात हा घुमट बांधला, तोही जमिनीपासून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता. घुमटाला दोन कवचे आहेत, आतले आणि बाहेरचे, आणि वर जाणारा ४६३ पायऱ्यांचा जिना शेवटी शेवटी त्या दोन कवचांच्या मधूनच चढतो. तिथे भिंत खांद्याला लागते. विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या रचलेल्या आहेत, दर थोड्या अंतरावर एक वीट उभी, आणि रचली जात असताना ओली भिंत आतल्या बाजूला घसरू नये म्हणून ही युक्ती होती. पुस्तकातली आकृती तिथे हाताच्या अंतरावर येते. लिफ्ट नाही, त्यामुळे आईवडिलांना विचारून मगच तिघांची तिकिटे काढावीत. तीही दिवस आणि वेळ ठरवूनच मिळतात.

उलट कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्मागृहाच्या पूर्व दरवाजापाशी गाईड हवा. गिबेर्तीच्या त्या सोनेरी दरवाजाचे लोक तासन्तास फोटो काढतात, आणि जाणकार गाईड पहिल्या मिनिटाला सांगतो की ही प्रतिकृती आहे, मूळ पॅनेल कॅथेड्रलच्या मागच्या संग्रहालयात काचेआड आहेत. सिन्योरिया चौकातल्या ‘डेव्हिड’चेही तसेच, मूळ ५.१७ मीटर उंचीचा पुतळा १८७३ मध्ये अकादेमियात हलवला गेला. उफित्सीत तर दालनांमागून दालने येतात आणि नवख्या माणसाची दमछाक पहिल्या तासातच होते. तिथे दोन तासांसाठी परवानाधारक गाईड, शक्य तर दहा-बारांच्या गटात, आणि कानात यंत्र, इतकी व्यवस्था असली की पैसे वाया गेले असे वाटत नाही. गाईड गेल्यावर पुन्हा एकट्याने चित्रकार बोत्तिचेल्लीच्या दालनात परतावे; तिकीट त्याच दिवशी आत असेपर्यंत चालते, फक्त बाहेर पडू नये.

पायी फिरवणारे गाईड काही चौकांत भिंतीवर डोक्याच्या वर बसवलेल्या छोट्या पाट्या दाखवतात. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात आर्नो नदीचे पाणी कुठवर चढले होते, त्या त्या खुणा आहेत. पानशेतच्या १२ जुलै १९६१ च्या गोष्टी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, त्या घरातल्या माणसाला या पाट्यांपुढे गाईडची फारशी गरज पडत नाही.

प्रश्न : नातू सात वर्षांचा आहे. पिसाच्या मनोऱ्यावर त्याला नेता येईल का? (आजोबा, औंध)

उत्तर : नाही. आठ वर्षांखालील मुलांना वर सोडत नाहीत, आणि वय पासपोर्टवर असते. खालच्या हिरवळीवर मनोरा हाताने सावरून धरल्याचा फोटो काढायला वयाची अट नाही.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. दिवसभराच्या सहलीत जेवणाचे हाल होतात का? (गृहिणी, सदाशिव पेठ)

उत्तर : हाल होत नाहीत, पण विचारावे लागते. सहलीच्या जेवणात मांसाचे थंड काप जवळजवळ ठरलेले असतात, म्हणून आरक्षणाच्या वेळीच ‘मांस नको, मासे नकोत’ असे दोन्ही लिहून कळवावे. नुसते ‘शाकाहारी’ म्हटले तर मासे पुढे येण्याचे प्रसंग घडतात. तोस्कानात, म्हणजे फ्लोरेन्स ज्या प्रांतात आहे तिथे, शिळा पाव आणि भाज्या-घेवड्याचे दाट सूप मिळते, त्याला रिबोलीता म्हणतात. आपल्या फोडणीच्या पोळीमागचा संसारी शहाणपणा त्यात आहे. ते मांसाच्या रश्श्यात शिजवलेले नाही ना, एवढे विचारून घ्यावे. तिथला पाव अळणी असतो, तो बिघडलेला नसतो. पार्मेझान चीज करताना वासराच्या जठरातले द्रव्य वापरतात. आपला नियम कडक असेल तर पास्त्यावर ते भुरभुरू देऊ नये. पिसाला गेलात तर चेचीना अवश्य खावी. हरभऱ्याचे पीठ, पाणी, तेल आणि मीठ भट्टीत भाजून केलेली ती पातळ पोळी म्हणजे आपले बेसनाचे धिरडेच, फक्त मिरची-कोथिंबीर विसरलेले.

प्रश्न : माझे माहेर कोल्हापूरचे. फ्लोरेन्समध्ये कोल्हापूरच्या एका महाराजांची समाधी आहे असे वडील सांगत. ते खरे आहे का, आणि शहरदर्शनाच्या बसमधून ती दिसते का? (वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : वडिलांनी खरेच सांगितले. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून मायदेशी परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये निवर्तले, तेव्हा त्यांनी नुकतीच विशी गाठली होती. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने त्यांचे दहन झाले. त्याच जागी १८७४ मध्ये छत्री उभारली गेली आणि तिच्याखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा बसवला गेला. छत्रीची रचना मेजर चार्ल्स मँट यांची आहे. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्याचा, तेव्हा आपल्याला ती ओळखीची वाटण्याचा संभव आहे. फ्लोरेन्सचे लोक या जागेला ‘भारतीय’ या अर्थाने ‘इंदियानो’ म्हणतात आणि १९७८ मध्ये पुरा झालेल्या जवळच्या मोठ्या पुलालाही तेच नाव पडले आहे.

शहरदर्शनाच्या नेहमीच्या सहली तिथे जात नाहीत. हे स्थान ज्या उद्यानात आहे त्याचे नाव काशीने. आपल्या कानाला त्यात काशी ऐकू येते, पण मूळ इटालियन शब्द दुभत्या जनावरांच्या वाडीचा आहे, कारण एकेकाळी ही फ्लोरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची शेते होती. उद्यान नदीकाठाने साडेतीन किलोमीटर पसरलेले आहे. ट्राम त्याच्या शहराकडच्या टोकाला सोडते आणि छत्री अगदी दुसऱ्या, पश्चिमेच्या टोकाला आहे. सकाळी निघावे, पाण्याची बाटली जवळ ठेवावी आणि नदी डाव्या हाताला ठेवून शेवटपर्यंत चालत जावे. परतीची पायपीट नको असेल तर छत्रीपर्यंत टॅक्सी घेऊन येताना चालावे. वाटेत फुलांची दुकाने लागत नाहीत, वाहायला काही न्यायचे असेल तर ते शहरातूनच घ्यावे.