मुलीच्या ओसीटी रिपोर्टमधला लाल रंग

ताई, सात वर्षांच्या मुलीला मायनस पाचचा चष्मा, डोळ्याच्या नसेतला कप (नसेच्या टोकाशी असलेला खोलगट भाग) मोठा वाटतो म्हणून काचबिंदूच्या शंकेने ओसीटी केला आणि रिपोर्टमध्ये लाल-पिवळं आलंय, त्यात सहा महिन्यांनी परत स्कॅन सांगितलाय, म्हणून तुम्ही घाबरलात. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, लहान मुलांचे स्कॅन रोज काढते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी इजेचं. ओसीटी म्हणजे प्रकाशाने केलेली सोनोग्राफी म्हणा, एक्स-रे नाही, इंजेक्शन नाही, डोळ्याला काही टेकतही नाही, त्यामुळे परत परत केला तरी त्रास नाही, ती काळजी सोडा.

आता लाल रंग. मशीन तुमच्या मुलीच्या नसेची जाडी त्याच्यात साठवलेल्या नॉर्मल लोकांच्या डेटाशी ताडून रंग देतं (हिरवा म्हणजे नॉर्मल, लाल म्हणजे त्याहून पातळ), आणि बहुतेक मशीनमध्ये हा डेटा १८ वर्षांच्या वरच्यांचाच असतो. म्हणजे सात वर्षांच्या पोरीची तुलना मोठ्या माणसांशी! त्यात मायनस नंबरचा डोळा लांब असतो, नसेचे तंतू कानाच्या बाजूला सरकलेले असतात, मोजणीचं वर्तुळही डोळ्यात जास्त मोठं पडतं, म्हणून नस आहे त्यापेक्षा पातळ दिसते. अशा मुलांत नुसत्या लाल रंगावरून काचबिंदू ठरवता येत नाही, कप जन्मतःच मोठा असणारीही मुलं असतात.

दुसरं, स्कॅन नीट आलाय का ते बघा. मुलं हनुवटी टेकवतात पण मशीनमधल्या हिरव्या खुणेकडे बघता बघता डोळा हलतो, मग चित्रात रक्तवाहिन्या मधेच तुटून बाजूला सरकल्यासारख्या दिसतात. सिरस नावाचं ओसीटी मशीन असेल तर सिग्नल स्ट्रेंथ (स्कॅन किती चांगला आलाय त्याचा आकडा) १० पैकी ६ च्या खाली असलेला स्कॅन मी परत काढते, थेंब टाकून, डोळे मिचकावायला सांगून, मधे थोडं थांबून.

पण हिरवं आलं तरी निर्धास्त होऊ नका हं. डोळ्याचं प्रेशर, बाहुली मोठी करून तपासणी हे सगळं लागतंच, ओसीटी त्याच्या जागी नाही.

सहा महिन्यांनीचा स्कॅन तिच्याच आधीच्या स्कॅनशी जुळवून बघतात, मुलांमध्ये खरा उपयोग तिथेच होतो. म्हणून शक्यतो त्याच मशीनवर करा, वेगवेगळ्या कंपन्यांचे मायक्रॉनमधले (मिलिमीटरच्या हजाराव्या भागातले) जाडीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि हा रिपोर्ट फाईलमध्ये जपून ठेवा.