मूठभर तांदूळ आणि शून्याचा रकाना

जत तालुक्यातल्या एका खेड्यातून एका मिझो बहिणीचं पत्र आलं आहे. लांबलचक, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. ओळख पटेल असं सगळं वगळून त्यातलं महत्त्वाचं इथे देते.

ही बहीण मूळची मिझोरममधल्या आयझॉलची, वय चौतीस. तिथल्या चर्चने मिशनरी म्हणून तिला इकडे पाठवलं, त्याला चार वर्षं झाली. या चार वर्षांत ती एकदाही घरी गेलेली नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांचं एक छोटं वसतिगृह ती सांभाळते. दिवाळी झाली की आईबाप कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात, ते उन्हाळा लागल्यावर परततात. तोवर मुलं हिच्यापाशी. पहाटे उठून टाकीत पाणी आहे का बघायचं, मुलींच्या उवा काढून वेण्या घालायच्या, डबे भरायचे, कुणाला ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं, संध्याकाळी अभ्यास आणि प्रार्थना. रविवारी एका खोलीत आठ-नऊ माणसं उपासनेला जमतात. महिनाअखेरीस घरच्या चर्चला अहवाल जातो. त्यात बाप्तिस्म्यांचा, म्हणजे किती जण ख्रिस्ती झाले त्याचा, एक रकाना असतो आणि त्यात ती चार वर्षं शून्य लिहिते आहे.

पुढचं तिच्याच शब्दांत: "आई अजून रोज भात शिजवायच्या आधी मूठभर तांदूळ बाजूला काढते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्याच बायका काढतात. त्या तांदळावर मी इथे राहते आणि शून्य लिहून पाठवते. मागच्या महिन्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. भाऊ म्हणतो, ये. आता गेले तर मी हरले असं होईल का? दोन महिने झाले, रात्रीची झोप नाही. मोरीत जाऊन रडते. परवा एका मुलीने बघितलं आणि विचारलं, दीदी, तुला कोणी मारलं का?"

प्रिय मुली,

बाबांकडे जा. पत्रातल्या बाकी सगळ्या प्रश्नांना वेळ आहे, याला नाही. झटका आल्यानंतरचे पहिले काही महिने शरीर सावरण्यासाठी फार मोलाचे असतात. हातापायांचे व्यायाम, बोलण्याचा सराव, वेळेवर गोळ्या, हे सगळं याच दिवसांत नेटाने करून घ्यावं लागतं. तू रोज इतक्या पोरांना उठवतेस, बसवतेस, भरवतेस. हे काम तुझ्याइतकं तुमच्या घरात दुसऱ्या कुणाच्या हातात बसलेलं नसणार. आणि समजा बाबा फारसे सुधारले नाहीत, तरी मुलगी उशाशी आहे हे त्यांना कळेल.

मुलांचं काय, हे तू विचारशीलच. स्वयंपाकाच्या मावशींना महिनाभर रात्री वसतिगृहातच झोपायला सांग आणि त्याचे वेगळे पैसे दे. तुझ्या संस्थेकडून सोबतीला एक जाणतं माणूस माग. मागितल्याशिवाय ते मिळणार नाही, आणि आजवर तू मागितलेलंच नाहीस हे तुझ्या पत्रावरून स्पष्ट दिसतं. पालक उसाच्या फडावर असले तरी त्यांच्याकडे फोन आहेत. प्रत्येकाला स्वतः फोन कर: मी अमुक दिवशी जाते, मागे अमुक माणूस आहे. मुलांनाही जवळ बसवून सांग. रात्री पोरं झोपल्यावर बॅग उचलून निघू नकोस. त्यांचे आईबाप दरवर्षी असेच पहाटे ट्रॅक्टरवर बसून जातात, मुलं उठतात तेव्हा अंथरूण रिकामं असतं. तुझ्याकडून त्यांना तसं पुन्हा मिळू नये. परतायची तारीख ठरली नसेल तर खोटी तारीख देऊ नकोस. फोन कधी करशील ते सांग आणि तेवढं मात्र पाळ.

आता हरण्याबद्दल. इकडे जे अमेरिकन मिशनरी येत त्यांना ठरावीक वर्षांनी मायदेशी जायची लांब रजा मिळायची आणि वैशाखात ते महाबळेश्वर, पाचगणीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी जाऊन राहायचे. ती माणसं कच्ची होती म्हणून ही सोय नव्हती. परमुलखात माणूस आतून झिजतो हे त्यांच्या पाठीशी असलेल्यांना ठाऊक होतं. तुला चार वर्षांत कुणी रजेचं विचारलंही नाही, याचा मला राग आला आहे. तो राग तुझ्या मंडळीपर्यंत पोचवायला माझी काही हरकत नाही.

तांदळाचं तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या वाचकांसाठी थोडं सांगते. मिझोरममधल्या ख्रिस्ती घरांत बायका स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ वेगळा काढून ठेवतात, त्याला बुहफाई थाम म्हणतात. तो गोळा करून विकतात आणि ते पैसे चर्चच्या कामाला, दूर पाठवलेल्या मिशनऱ्यांना जातात. शंभराहून जास्त वर्षं हे चालू आहे. मुठीमुठीने जमलेल्या तांदळावर एवढंसं राज्य देशभर माणसं पाठवतं, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

पण मुली, त्या मुठीचा अर्थ तू चुकीचा लावते आहेस. लोणंद-फलटणला माउलींची पालखी येते तेव्हा तिथल्या बायका वाटसरू वारकऱ्याला शिधा देतात, भाकरी बांधून देतात. तो परत जाताना विठोबा भेटला का, किती वेळ भेटला, असा हिशेब कुणी मागत नाही. तुझी आई तांदूळ काढते तो तिच्या देवासाठी आणि तुझ्या पोटासाठी. त्या मुठीच्या बदल्यात तिला आकडा हवा आहे असं तिने तुला कधी म्हटलंय का? पत्रात तरी तसं कुठे नाही. आकडा अहवालाच्या छापील कागदाला हवा आहे. आई वेगळी आणि तो कागद वेगळा.

आणि शून्याला तू इतकी घाबरतेस, तर तुझ्याच डोंगरातल्या गोष्टीची तुला आठवण करून देते. ११ जानेवारीला तुमच्याकडे सार्वजनिक सुट्टी असते. १८९४ साली त्या दिवशी लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन तरुण इंग्रज मिशनरी तिथे पोचले. चार वर्षंही पुरी न होता, १८९७च्या शेवटी, ते निघून गेले. तोवर एकाही मिझो माणसाचा बाप्तिस्मा झाला नव्हता. पहिले दोन बाप्तिस्मे १८९९च्या जूनमध्ये झाले, तेव्हा तिथे वेल्श मिशनरी होते. म्हणजे त्या दोघांनी तुझ्यासारखा अहवाल भरला असता, तर त्या रकान्यात त्यांनीही शून्यच लिहिलं असतं. मग त्यांनी त्या वर्षांत केलं काय? लोकांत बसून भाषा शिकले, तिला रोमन अक्षरं बसवली, शब्दकोश तयार केला. तू आईला ज्या अक्षरांत पत्र लिहितेस, ती त्या शून्याच्या वर्षांतली आहेत. हेच दोघे १९०३ साली पुन्हा तुमच्या डोंगरात आले, दक्षिणेकडे लुंगलेईजवळ. गेले आणि परत आले. त्यांना हरलेले कोण म्हणतं?

त्याच १८९४ साली आमच्या मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल सुरू झालं. हा कॅनडात जन्मलेला माणूस १८८९मध्ये इकडे आला आणि जवळजवळ चाळीस वर्षं इथे राहिला. सांगली, कोल्हापूर, विजापूरकडच्या कितीतरी घरांत आजही आजीच्या ऑपरेशनची नाहीतर वडिलांच्या जन्माची गोष्ट 'मिशनमध्ये' अशी सुरू होते. त्या घरांनी धर्म बदलला नाही. त्यांनी डॉक्टरांना आपलं म्हटलं आणि सांगली-मिरजेच्या मध्ये एक अख्खी वानलेसवाडी वसली. साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. बाप्तिस्म्याच्या रकान्याच्या बाहेर बघणारा ख्रिस्ती माणूस तुझ्या आधी याच मुलखात होऊन गेला आहे.

म्हणून पुढचा अहवाल खरा लिही. शून्य लिही आणि त्याखाली लिही: या महिन्यात इतकी मुलं शाळेत टिकली, एकीचा टायफॉइड बरा झाला, मी दोन महिने झोपलेले नाही, माझे बाबा आजारी आहेत, मला घरी यायचं आहे. तांदूळ काढणाऱ्या बायकांना हे वाचू दे. त्यांच्यात तुझ्या वयाच्या मुली असलेल्या आया आहेत.

आता एक गोष्ट जी तुला आवडणार नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळी मुलं बसतात, असं तू सहज लिहून गेलीस. यांतल्या बहुतेकांच्या घरी यल्लम्मा आहे, खंडोबा आहे. पालकांना विचारलं होतंस का? विचारलं असेल तरी नीट बघ. फडावर निघालेल्या बाईला मूल ठेवायला दुसरी जागाच नाही. ती तुला नाही कसं म्हणेल? ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याचा होकार घेऊ नये. तू मनाने स्वच्छ आहेस हे मला पत्रातून दिसतं, म्हणूनच हे इतकं स्पष्ट सांगते. प्रार्थनेची वेळ वेगळी ठेव, ज्याला यायचं तो येईल, बाकीच्यांना अंगणात खेळू दे. जेवण, वह्या, औषध यांचा प्रार्थनेशी दुरूनही संबंध दिसू नये. 'ही धर्म बदलायला आलीय' असं गावात कुणी म्हणालं, त्याचं तुला वाईट वाटलं. त्याला तोंडी उत्तर देत बसू नकोस. वसतिगृहाचे कागद, पालकांच्या सह्या, खर्चाची वही चोख ठेव आणि दार उघडं ठेव. कोणत्याही पालकाने कोणत्याही वेळी यावं आणि बघावं. बाजारात पोरं तुला 'चायनीज' म्हणून हाका मारतात, ते वाचून मात्र मला आमची लाज वाटली. शाळेतल्या गुरुजींना सांगून एक दिवस वर्गात मिझोरमचा नकाशा लाव आणि तुझ्या गावाबद्दल तू स्वतः बोल.

एकटेपणाचं तू दोनच ओळीत लिहिलंस, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. मावशी दरवर्षी भोगीला जेवायला बोलावतात आणि तू कामाचं कारण सांगून जात नाहीस. का? तू चार वर्षं त्या गावाला देते आहेस, पण त्या गावाकडून तू काहीच घेत नाहीस. घेतल्याशिवाय माणूस कुठल्याच गावाचा होत नाही. मावशींना तुझं ताट वाढायचं आहे. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, वांगं, पावटा, गाजर, हरभरे घातलेली ती भाजी, हे त्या वर्षातून एकदा जीव ओतून करतात. तुझ्या श्रद्धेत बसत नसेल तर वाण घेऊ नकोस, हळदीकुंकू लावून घेऊ नकोस. सरळ सांग: "मावशी, वाण नको, पण जेवायला येते." त्या रागावणार नाहीत. तू घरी पाऊलही न टाकल्याने मात्र रागावल्या असतील. आणि तुमच्याकडे काय खातात, असं त्यांनी विचारलं तेव्हा तू "भात" एवढंच म्हणालीस. त्यांना नीट सांग. कधीतरी त्यांच्या चुलीवर तुझ्या पद्धतीची उकडलेली पालेभाजी कर. मीठ-तिखट कमी म्हणतील, तरी खातील. संध्याकाळी अर्धा तास दारापुढच्या कट्ट्यावर नुसती बस, हातात वही न घेता.

झोपेचं वेगळं सांगते, कारण ते सल्ल्याने बरं होणार नाही. दोन महिने झोप नाही, रडू आवरत नाही, हे डॉक्टरांना दाखवायचं दुखणं आहे. यात श्रद्धा कमी पडली असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. मिरज-सांगलीत मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. गावाला जायच्या आधी एकदा जाऊन ये. तोवर रात्री असह्य झालं तर १४४१६ या क्रमांकावर फोन कर. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालू असते. त्या मुलीला काय सांगायचं, हेही तू विचारलंस. खरं सांग: "मला कुणी मारलं नाही, माझे बाबा आजारी आहेत." आईबाप लांब असणं काय असतं ते तिला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

कायमचं परतायचं की पुन्हा जतला यायचं, हे आज ठरवू नकोस. घरी महिनाभर रहा, पोटभर झोप, आईच्या हातचा भात खा, बाबांना हाताला धरून अंगणात चालव, मग बघ. यायचं ठरलं तर आनंदाने ये आणि दरवर्षीच्या रजेचं लेखी घेऊन ये. नाही ठरलं तरी एकदा येऊन मुलांना भेटून, सामान नेऊन मग जा.

विमानाचं भाडं झेपत नसेल तर मिरजेहून मुंबई गाठून गुवाहाटीची गाडी घ्यावी लागेल. आता पुढची वाट तू आलीस तेव्हापेक्षा सोपी झाली आहे. २०२५च्या सप्टेंबरपासून रेल्वे आयझॉलजवळ साइरांगपर्यंत जाते. गुवाहाटीकडच्या गाड्या लवकर भरतात, तेव्हा पत्र वाचून झालं की आधी तिकीट बघ. पैसे कमी पडत असतील तर संस्थेकडे माग, आणि त्यांनी टाळाटाळ केली तर मला कळव.

तुझी,
ताई